लढ्याआधीची चाळीस वर्षे

न्यायमूर्ती केशवराव कोरटकर नेमके कोणत्या जिल्ह्याचे? प्रश्न सोपा वाटतो, पण घोळ इथूनच सुरू होतो. १८६७ साली ते पुरजळ या गावी जन्मले. पुरजळ वसमत तालुक्यात, वसमत परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याची फाळणी झाली आणि हा सगळा मुलूख हिंगोलीकडे गेला. तेव्हापासून परभणीकर त्यांना हिंगोलीचे म्हणायला मोकळे, हिंगोलीकर हैदराबादचे म्हणायला मोकळे, आणि हैदराबादेत तर मराठी माणसाची आठवण ठेवणारेच विरळ होत चालले. पुढील पाने एका अशा माणसाविषयी आहेत ज्याचा वारसा तिन्हीकडे आहे आणि हक्क कुणीच सांगत नाही.

पण हद्दीचे कारण वरवरचे आहे. खरे कारण वेगळे, आणि ते या प्रस्तावनेतच सांगितलेले बरे. मराठवाड्याचा अर्वाचीन इतिहास आपण १९३८ पासून सुरू करतो. स्टेट काँग्रेसवरची बंदी, सत्याग्रह, तुरुंग, स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८. हुतात्मा स्मारके त्याच काळाची, शाळेतली भाषणे त्याच काळाची, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी जीव दिला त्यांचे नाव आधी घ्यायचे असते. मात्र १९३८ मध्ये सत्याग्रहाला निघालेली पोरे आकाशातून पडली नव्हती. ती कुठल्या तरी शाळेत शिकली होती, कुठल्या तरी वाचनालयात त्यांनी पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे चाळली होती, कुठल्या तरी सभेत विधवेच्या लग्नावर दोन वकील भांडताना ऐकले होते. ती शाळा, ते वाचनालय, ती सभा उभी करण्यात त्याआधीची चाळीस वर्षे गेली. केशवराव हे त्या चाळीस वर्षांचे मनुष्यरूप. त्यांच्या आयुष्यात गोळीबार नाही, फरारी नाही, तुरुंग नाही. अर्ज आहेत, परवानग्या आहेत, वर्गण्या आहेत. चरित्रकाराला असा नायक नकोसा वाटतो, हे मी समजू शकतो.

त्यांचा जन्म ज्या पट्ट्यात झाला तो पट्टा भक्तीच्या इतिहासात फार मोठा. जवळच औंढा नागनाथ, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा सांगतात. नामदेवांची नरसी त्याच बाजूला. आणि गोदाकाठी गंगाखेडला जनाबाई. दासीने देवाला अरे-तुरे करावे एवढे धाडस या मातीत सहाशे वर्षांपूर्वी झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्याच मातीची अवस्था निराळी होती. १९०१ च्या शिरगणतीत निजामाच्या राज्याची लोकसंख्या एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती आणि त्यात लिहिता-वाचता येणारे शेकडा तीनच्या आसपास. दुष्काळांनी परभणी जिल्हा खंगला होता, माणसे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी झाली होती. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तोवर हैदराबाद म्हणजे बैलगाडीने गाठायचा परमुलूख. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याची कवायत घराशेजारी आणि शाळा मात्र कोसांवर, असा तो प्रदेश.

केशवराव वकील झाले, आणि हे एक वाक्य पुरेसे नाही. निजामाच्या राज्यात फारसी जाऊन उर्दू ही दरबारची आणि अदालतीची भाषा झाली ती १८८० च्या दशकात. गावात पटवाऱ्याचे दप्तर मराठीत, बरेचदा मोडीत. तहसिलीच्या वर गेले की सगळे उर्दूत. त्यामुळे वसमतच्या कुळाचे बांधावरचे भांडण मुन्सफापुढे पोचेपर्यंत त्याची भाषा बदललेली असे, आणि ज्याचे भांडण त्यालाच आपल्या फिर्यादीत काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. मधला दुवा वकील. मराठीत ऐकायचे, उर्दूत लिहायचे, निकाल उर्दूत घ्यायचा आणि पुन्हा मराठीत समजावून सांगायचा. ही कामगिरी वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आपोआप कळत असाव्यात: अज्ञानाची किंमत रुपयांत किती होते, आणि कायद्याच्या भाषेत मागितले तर सरकार किती देते. हैदराबाद संस्थानातली सुधारणा वकिलांच्या हातून झाली, त्याचे मूळ मला इथे दिसते. पुण्यात हेच काम शिक्षकांनी आणि संपादकांनी केले. हैदराबादेत संपादक व्हायचे तर छापखान्याला परवाना हवा. वकिलाकडे सनद आधीच होती.

गुलबर्ग्यात वकिली करून १८९० च्या दशकात ते हैदराबादला आले. शहर तेव्हा एका धड्याने दबकलेले होते. निजाम कॉलेजशी ज्यांचे नाव जोडलेले, त्या डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्यायांना, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या वडिलांना, चांदा रेल्वेच्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठवल्याबद्दल १८८३ मध्ये राज्याबाहेर काढले गेले होते. ते पुढे परत आले, पण काय बोलले की काय होते हे सगळ्यांना कळले. अघोरनाथ, मुल्ला अब्दुल कय्यूम, रामचंद्र पिल्ले अशा मंडळींच्या पाठोपाठ केशवराव, वामनराव नाईक, गणपतराव हर्डीकर ही पिढी आली. पहिल्या पिढीत हिंदू-मुसलमान एकाच बैठकीत बसून काँग्रेसची बाजू घेत होते, ही गोष्ट नंतरच्या कडवट दशकांमुळे आपण पार विसरलो आहोत.

या शहराच्या भूगोलात सुधारकांना एक फट सापडली होती. मुसी नदीच्या उत्तरेला ब्रिटिश रेसिडेंटची कोठी आणि तिच्याभोवतीचा बाजार, सुलतान बाजार वगैरे, हा भाग १९३३ पर्यंत रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. निजामाचा कोतवाल तिथे थेट हात घालू शकत नसे. हैदराबादचा आर्य समाज १८९२ मध्ये स्थापन झाला तो याच भागात वाढला, आणि केशवराव दीर्घकाळ त्याचे प्रमुख राहिले. ज्या इंग्रजांविरुद्ध देशभर चळवळ चालली होती त्याच इंग्रजांच्या सावलीत हैदराबादेतले देशभक्त सभा घेत होते. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. मला त्यात व्यवहार दिसतो.

आर्य समाजच का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडेलच. आपल्याकडे सुधारणा म्हटली की सत्यशोधक समाज (१८७३) आठवतो किंवा रानडे-भांडारकरांचा प्रार्थना समाज. दयानंदांनी आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये मुंबईत केली, त्याच वर्षी पुण्यात त्यांची व्याख्याने झाली, तरी पश्चिम महाराष्ट्रात त्याने मूळ धरले नाही. मराठवाड्यात मात्र धरले. एक तर प्रार्थना समाजाचा शांत, इंग्रजी वळणाचा ईश्वरवाद समजून घ्यायला इंग्रजी शिकलेला वर्ग लागतो. तो इथे नव्हता. आर्य समाज हिंदीत बोलत होता, आणि उर्दूच्या राज्यात हिंदी कानाला परकी वाटत नव्हती. दुसरे, बालविवाह चुकीचा आहे, विधवेला लग्न करू द्या, जन्मावरून जात ठरवू नका, हे सगळे तो वेदांच्या नावाने सांगत होता. गावच्या भिक्षुकाला उत्तर द्यायला हे शस्त्र सोयीचे. ही सोय पुढे मर्यादाही ठरली. प्रत्येक सुधारणेला वेदाचा शिक्का लागत असेल तर ज्याला वेदाचा अधिकारच कधी दिला गेला नाही त्याने त्या शिक्क्याचे काय करायचे? हैदराबादेतच भाग्यरेड्डी वर्मा १९०६ पासून अस्पृश्य वस्त्यांत काम उभे करत होते. त्यांना या सुधारक वकिलांची मदत आणि मैत्री मिळाली. पण १९१७ साली बेझवाड्याच्या परिषदेत ‘पंचम’ हे नाव धुडकावून ‘आदि-आंध्र’ म्हणवून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा त्यांची वाट वेगळी होती हे स्पष्ट झाले. केशवरावांच्या वर्तुळातून ती वाट निघाली नसती. हे नमूद करताना त्यांचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. तो कुठवर पोचतो एवढेच कळते.

आता विवेक वर्धिनी. १९०७ च्या सुमारास हैदराबादेत ही मराठी शाळा उभी राहिली. तिच्या उभारणीत केशवराव होते, वामनराव होते आणि श्रीपाद दामोदर सातवळेकरही होते. सातवळेकर तेव्हा वेदमूर्ती झाले नव्हते. ते चित्रकार होते, रईस लोकांची तैलचित्रे रंगवून पोट भरत आणि उरलेल्या वेळात आर्य समाजाचे काम करत. त्यांचा आणि केशवरावांचा जन्म एकाच वर्षीचा, १८६७ चा. पुढे दोघांचे रस्ते असे फाटले की या चरित्राचा सगळा प्रश्न त्या फाट्यावर उभा राहतो. सातवळेकर लिहू-बोलू लागले ते रोखठोक. हैदराबाद त्यांना सोडावे लागले, कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या वैदिक प्रार्थनांवरच्या लेखापायी खटला अंगावर आला, आणि हरिद्वार, लाहोर, औंध करत ते शेवटी पारडीला स्थिरावले. नाव झाले, ‘पद्मभूषण’ मिळाले, शंभरी गाठली. केशवराव हैदराबादेतच राहिले. शाळा कुणीतरी चालवायला हवी होती.

मराठी शाळा काढणे यात एवढे काय, असे आजच्या वाचकाला वाटेल, म्हणून थोडे थांबतो. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातले मोठेच धाडस होते, आणि त्याचे कौतुक करायला हात आखडू नये. फक्त ती देशी भाषा राज्यातल्या शंभरातल्या दहा जणांची होती. १९०१ च्या गणतीप्रमाणे तेलुगू बोलणारे शेकडा ४६, मराठी २६, कन्नड १४. अशा ठिकाणी मुलाला मराठीतून गणित शिकवणे हे सरकारविरुद्ध नव्हते, सरकारबरोबरही नव्हते. कोतवालाला त्यात पकडण्यासारखे काही सापडत नसे आणि संशय मात्र कायम असे. पुढे खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी सक्तीची झाली, सभा घ्यायला आधी मंजुरी लागू लागली, आणि १९२९ ची कुप्रसिद्ध ५३ नंबरची गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, आली, ती या संशयातूनच. राजकीय परिषदा तर संस्थानात भरवताच येत नव्हत्या. काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशा परक्या गावी निजामाच्या प्रजेने जमून निजामाकडे मागण्या करायच्या. या सगळ्यात शाळा टिकली आणि वाढली. गुलबर्ग्याला नूतन विद्यालय त्याच सुमारास निघाले. तिथून शिकून निघालेले तरुण नांदेड, परभणी, सेलू, लातूरला शिक्षक आणि वकील होऊन गेले. शाळेतून शाळा निघत गेली, विरजणाने दूध लागावे तशी.

घरातही त्यांनी तोच प्रयोग केला. मुलगा विनायक याला त्यांनी कांगडीच्या गुरुकुलात घातले. मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी १९०२ मध्ये गंगेकाठी काढलेल्या या गुरुकुलात पोर एकदा गेले की तारुण्यात येईपर्यंत घरी यायचे नाही असा दंडक. हैदराबादच्या नामांकित वकिलाने मुलाला सरकारी नोकरीच्या रस्त्यावरून उचलून जंगलातल्या आश्रमात पाठवावे, याला छाती लागते. मुलगा ‘विद्यालंकार’ होऊन आला, आणि मग बापाने त्याला विलायतेला बॅरिस्टरीसाठी पाठवले! गुरुकुल आणि लंडन दोन्ही एकाच मुलाला. कुणी याला धरसोड म्हणेल. माझ्या मते केशवरावांचा स्वभाव याहून नेमका कुठे दिसत नाही: जुने ते जपू, पण कोर्टात उभे राहण्याची ताकद सोडणार नाही.

या पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग १९२१ च्या नोव्हेंबरातला आहे. हैदराबादेत विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलेले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलेले कर्वे. याहून योग्य अध्यक्ष कोण मिळाला असता? व्यासपीठावर मराठी, सभागृहात बहुतांश मराठी, भाषणे मराठी, उर्दू, इंग्रजीत. एका ठरावावर बोलायला अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत हुर्यो झाली. टाळ्या, आरडाओरडा, हसणे. त्यांना बोलू दिले गेले नाही. ज्या राज्यात जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलते त्या राज्याच्या राजधानीत, स्त्रियांना न्याय द्या म्हणणाऱ्या परिषदेत, हे घडले. दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री टेकुमल्ल रंगारावांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघमची स्थापना झाली. त्यातूनच १९३० मध्ये जोगीपेठला आंध्र महासभा उभी राहिली, आणि तेलंगणाचे पुढचे सगळे राजकारण या महासभेच्या अंगणातून गेले.

तेलंगणातल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग पहिल्या प्रकरणात येतो. आपल्या पुस्तकांत तो बहुधा नसतोच. उर्दूच्या ओझ्याखाली आपली मराठी दबते म्हणून ज्यांनी शाळा काढली, त्यांच्याच सभागृहात दुसऱ्याची भाषा दाबली गेली. परिषदेमागे केशवरावांचेच वर्तुळ होते, म्हणून या प्रसंगाची जबाबदारी त्यांच्या दारापर्यंत येते. त्यांनी हुर्यो उडवली असा आरोप कुणी केलेला नाही. पण इतकी वर्षे तेलुगू शहरात राहून, १९०१ मध्येच श्रीकृष्णदेवराय ग्रंथालय काढणाऱ्या तेलुगू मंडळींचे काम डोळ्यांसमोर असताना, आपली परिषद फक्त मराठी कानांसाठी भरते आहे हे ध्यानात येऊ नये? त्या ग्रंथालयाच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव तर नागपुरात शिकलेले आणि मराठीत लेख लिहिणारे. तेलुगू माणूस मराठी शिकला होता. उलट दिशेने फारसे कुणी गेले नाही. चरित्रनायकाची बाजू घेण्याची सवय असलेल्या वाचकाने हे प्रकरण दोनदा वाचावे.

केशवराव पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. विधिमंडळात वकिलांचे प्रतिनिधी म्हणून ते निवडून जात. ते विधिमंडळ म्हणजे मूठभर जागांचे, अधिकाऱ्यांनी भरलेले सभागृह. त्यातल्या निवडून आलेल्या माणसाच्या बोलण्याने फार काही हलत नव्हते. न्यायमूर्तिपदावर त्यांनी तरी काय मिळवले, असा प्रश्न त्यांच्या हयातीतही तरुण विचारत असणार. मला वाटते, न्यायमूर्तीच्या घरी सभा असली की कोतवाल जरा विचार करून येतो, हे त्या पदाचे सार्वजनिक मोल होते. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांना त्या नावाचे छत्र मिळाले. खासगी मोलही होते: या पिढीला सरकारी मान आवडत असे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

१९३२ साली ते गेले. सहा वर्षांनी चित्र ओळखू येणार नाही इतके बदलले. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते, आणि अध्यक्ष गोविंदराव नानल हेही परभणीकडचे वकील. त्या अधिवेशनातल्या मागण्या पाहिल्या तर त्यांवर केशवरावांच्या पिढीची छाप स्पष्ट दिसते: मातृभाषेतून शिक्षण, सभास्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती, सगळे सनदशीर, सगळे अर्जाच्या भाषेत. वर्षभरात अर्जाची भाषा संपली. १९३८-३९ मध्ये स्टेट काँग्रेस आणि आर्य समाज दोघांचे सत्याग्रह झाले, आर्य समाजाचे कार्यकर्ते श्यामलाल बिदरच्या तुरुंगात वारले, आणि आर्य सत्याग्रहाचे एक सर्वाधिकारी झाले ते विनायकराव विद्यालंकार. बापाने ज्या आर्य समाजात विधवाविवाहाची आणि शिक्षणाची भाषणे दिली, त्याच समाजाचे रूप मुलाच्या काळात निजामाशी समोरासमोर झुंजणाऱ्या संघटनेचे झाले. या बदलात मिळवले ते उघड आहे. गमावले तेही पाहावे: मुल्ला अब्दुल कय्यूमसारख्या माणसाबरोबर एका सतरंजीवर बसण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी संपली. केशवराव आणखी दहा वर्षे जगते तर ते या सत्याग्रहात कुठे उभे राहिले असते, याचा अंदाज बांधायचा मोह मी आवरतो.

विनायकराव पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले, १९५७ मध्ये लोकसभेवर गेले. त्यांनी वडिलांच्या नावाने १९४० मध्ये केशव मेमोरियल ही शाळा काढली. नारायणगुड्यात ती आजही आहे आणि तिच्या संस्थेची महाविद्यालये झाली आहेत. विवेक वर्धिनीचाही मोठा पसारा झाला. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्रात राहिले. केशवरावांच्या संस्था एका राज्यात आणि गाव दुसऱ्यात, असे होऊन बसले. परभणीला मात्र त्यांच्याकडून थेट काही मिळाले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जिल्ह्यात त्यांनी काढलेली संस्था दाखवता येणार नाही. पुरजळ सोडून गेलेला मुलगा राजधानीतच रमला. जे आले ते आडवाटेने आले: हैदराबादला शिकायला गेलेल्या मुलांच्या ट्रंकेतून, वकिलांच्या पक्षकारांतून, मनमाड लाइनवरच्या गाडीने येणाऱ्या वर्तमानपत्रांतून.

एक सूचना करून थांबतो. हे चरित्र जन्मापासून क्रमाने वाचण्याची गरज नाही. आरंभीची प्रकरणे कोरडी आहेत, कारण त्या काळाची साधनेच कोरडी आहेत. खासगी पत्रांपेक्षा सरकारी कागद जास्त टिकले. आधी शाळेचे प्रकरण घ्यावे, मग १९२१ च्या परिषदेचे, आणि त्यानंतर मागे येऊन गुलबर्ग्याची वकिली वाचावी. ज्या वाचकाच्या घरी निजामकाळातले उर्दू फैसले, मोडी दप्तर किंवा विवेक वर्धिनीच्या वर्गणीच्या पावत्या अजून पेटाऱ्यात असतील, त्याने ते रद्दीत घालू नयेत. या पुस्तकाची पुढची आवृत्ती त्या कागदांवाचून निघू शकणार नाही.